बिनआगीचं इंजिन आणि दोघे भाऊ

भाऊजी,

परवा तुमच्या माघारी पुण्यानुमोदनाचा विधी झाला. भंतेजींनी वंदना घेतली, माणसं जेवून गेली, आणि जाता जाता जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारलं, "मागच्या खोलीचं आता काय करणार?" कोणी म्हणालं, एखाद्या शाळेला देऊन टाका. कोणी म्हणालं, मोडून टाका, जागा मोकळी होईल. तुमच्या मावसभावाने दाराच्या फटीला डोळा लावून आत पाहिलं आणि पटकन मागे सरकला.

"वैनी, आत कोणी हाय का?"

"कोणी नाई गा," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण ते खरं की खोटं? हे मला तुम्हालाच विचारायचं होतं. तुम्ही गेल्यावर आता या घरात विचारायला दुसरं कोण आहे? म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत मुलांना निबंध शिकवण्यात जन्म गेला, पण स्वतःचं असं कधी काही लिहिलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

लोक तुम्हाला कवळ्यांमुळे ओळखत. इंदोऱ्यापासून महालापर्यंत कितीतरी म्हातारी माणसं तुमच्या हातच्या दातांनी भाकर खात होती. डॉक्टर माप घ्यायचे, प्लास्टरचा साचा तुमच्याकडे यायचा आणि तुम्ही मेणात एकेक दात बसवत बसायचात. पण तुमचा जीव त्यात नव्हता. रविवार उजाडला की सायकल काढून तुम्ही इतवारीला जायचात, छोट्या लाइनीची गाडी पाहायला. छिंदवाड्याची गाडी आली की सगळे डब्याकडे धावत, तुम्ही इंजिनाकडे. पण तुमचा खरा लोभ होता तो विचित्र इंजिनांवर. पाठीवर क्रेन घेऊन फिरणारं इंजिन. चाकांना दाते असलेलं इंजिन. पारशिवनीच्या पलीकडे कुठल्याशा मॅंगनीजच्या खाणीत उभ्या बॉयलरचं एक बुटकं इंजिन आहे, असं कोणीतरी सांगितलं, तर तुम्ही भर उन्हात सायकलने तिकडे गेलात. पोहोचलात तेव्हा ते मोडून नेलेलं होतं. तुम्ही रुळांवर पडलेल्या तेलाच्या डागाजवळ बसून राहिलात आणि काळवंडलेलं तोंड घेऊन परत आलात. वर खूश होतात! "वैनी, कुठं उभं राहत होतं ते तं दिसलं ना," म्हणालात.

मी घरात नवीन होते. मला हसू आवरेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "सरळ इंजिन तं कोणीबी पाहाते. असं येडंवाकडं पाहाले नशीब लागते."

आणि नशिबाने सगळ्यात वेडंवाकडं इंजिन तुमच्या घरातच होतं. म्हणजे तुमचे दादा, माझे मालक, ते चालवत होते.

मला ती दुपार अजून दिसते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचे दादा आपल्या दोघांना त्यांच्या कापडाच्या मिलमध्ये घेऊन गेले. सायडिंगजवळ, म्हणजे मालाचे डबे उभे करायच्या बाजूच्या रुळांजवळ, कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागल्या होत्या, त्यांच्या सावलीत आपण उभे होतो. मी विचारलं, "इंजिन कुठे आहे?" तुम्ही हसलात आणि माझ्या मागे बोट दाखवलं. मी वळले तर हातभर अंतरावर ढोलासारखं काळं इंजिन उभं. केव्हा आलं, कसं आलं, काही कळलं नाही. धूर नाही, धडधड नाही, धुराड्याचा पत्ता नाही. मी किंचाळले. दादा वरून हसत होते.

"हिच्यात आगच नाई," ते मला समजावून सांगू लागले. "मिलच्या बॉयलरची वाफ हिच्या पोटात भरून घेतो. भरली का चालते अर्धा दिवस. कापसात एक ठिणगी पडली तं मिल जाईन, म्हणून अशी इंजिन ठेवली. मिलमधले हिले मुकी म्हणते."

तुम्ही त्या ढोलावर तळहात ठेवलात. गरम होतं, पण तुम्ही हात काढला नाही. मला ते आवडलं नव्हतं. ज्याच्या पोटात आग नाही आणि तरी अंग गरम आहे, असं काहीतरी तिथे उभं होतं. मी तुमच्या दादांना घरी येताना म्हटलंही, "हे जनावर मले बरं नाई वाटत." ते म्हणाले, "गरीब हाय वं ते."

त्याच गरिबाने त्यांना नेलं.

कसं, ते तुम्हाला सांगायला नको. पण आजवर आपण दोघांनी ते कधी सलग बोलून दाखवलं नाही, म्हणून एकदा लिहू द्या. जेवायची सुट्टी झाली होती. मुकीला सायडिंगवर उभं करून तुमचे दादा पुढच्या मालडब्याच्या सावलीत, रुळावरच जेवणाचा डबा उघडून बसले. सगळे तसेच बसायचे, उन्हात दुसरी सावली कुठे होती? वर इंजिनावर कोणी नव्हतं. ती आपली आपण सरकली. आवाज नाही, शिट्टी नाही. लांब बसलेल्या एका हमालाने पाहिलं आणि ओरडला, तोवर ती पोहोचली होती. डब्यातली भाजी सांडलीसुद्धा नव्हती, असं त्या हमालाने मला सांगितलं. का सांगितलं असेल त्याने हे मला? पण सांगितलं, आणि मी ते विसरले नाही.

चौकशी झाली. सायडिंगचं काम ज्या साहेबांकडे होतं त्यांनी लिहून दिलं, ड्रायव्हरने हातब्रेक लावला नव्हता. संपलं. नळावर बाया हळहळायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "थोडं ध्यान ठेवलं असतं तं." मी बादली तशीच टाकून घरी यायचे. जो माणूस झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा ओढून पाहायचा, तो ब्रेक लावायचा विसरेल?

रविवारी इतवारीला जाणं बंद झालं तुमचं. मला वाटलं, इंजिनांचं वेड गेलं. बरं झालं, वाटलं.

मग सासूबाईंनी लग्नाचा विषय काढला. मी स्वयंपाकघरात होते, तुम्ही बाहेर साचे घासत होतात. त्यांचा आवाज काही हळू नव्हता. "पोरगी तरणी हाय, शिकलेली हाय. बाहेर कुठं जाईन? तू तिले घरातच ठेव ना. आपल्यात चालते." घासण्याचा आवाज थांबला. मी चुलीवरचा तवा हाताने धरून बसले होते, भाजल्याचं मला नंतर कळलं. मग तुम्ही म्हणालात, "दादा कसा गेला ते कळल्याबिगर मी काहीच करणार नाई, आई."

हे 'नाही' नव्हतं, भाऊजी. मी ते 'नाही' असं ऐकलं नाही.

त्यानंतरच मागच्या खोलीत लाकडाच्या फळ्या आल्या. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून तुम्ही विलायती मासिकं आणायचात, छोट्या रेल्वेगाड्या घरात बनवणाऱ्या लोकांची. आधी रूळ झाले. मग इतवारीचं स्टेशन झालं, खापरखेड्याची राखेची टेकडी झाली, सावनेरच्या पुढचे डोंगर झाले. मला कौतुक वाटू लागलं होतं. एक दिवस डोंगरावरची धूळ पुसताना माझ्या बोटाला टोकेरी काही लागलं. वरचा रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून दातांची ओळ दिसली.

"काय हाय हे?" मी ओरडले.

"जुने साचे हाय, वैनी. काम झाल्यावर फेकूनच देतो ना? म्हटलं, डोंगराच्या कामी येईन." आणि तुम्ही सहज दाखवू लागलात. हा कोपऱ्यातल्या पानवाल्याच्या बापाचा जबडा. हा माझ्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा. हा ज्याचा होता, तो तर वारला.

सातपुडा तुम्ही नागपूरच्या तोंडांवर उभा केला होता. गाडी त्यांच्यावरून जायची तेव्हा पोकळ साच्यांमधून बारीक कटकट ऐकू यायची. तुम्ही म्हणायचात, रुळांचा सांधा आहे. मला तसं कधी वाटलं नाही.

स्टेशनवरची माणसं तुम्ही कवळीच्या गुलाबी मेणाची केली होती. मे महिना आला की टिनाच्या छपराखाली ती मऊ व्हायची आणि सगळा फलाट हळूहळू वाकायचा. सकाळी ताठ उभे असलेले प्रवासी दुपारी माना टाकून उभे. तुम्ही संध्याकाळी एकेकाला सरळ करायचात.

आणि मग एके दिवशी त्या फळीच्या कोपऱ्यात मला मिल दिसली. खऱ्या कापसाच्या इवल्या गाठी, सायडिंग, आणि तिच्यावर पितळेची मुकी. हातभर लांब. तंतोतंत.

आपलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्या दिवशी झालं. "खेळणं करून राहिले तुम्ही तिचं?" मी म्हटलं. "जिनं तुमच्या भावाले खाल्लं तिचं?"

"खेळणं नाई हे."

"मंग काय हाय?"

"मले पाहाचं हाय, ब्रेक लावला असताना ते हालू शकते का नाई. मिलवाले मले खऱ्या इंजिनापाशी जाऊ देत नाई. मंग दुसरं काय करू मी? सांगा ना, काय करू?"

तुमचे डोळे लाल झाले होते. मी एवढंच म्हटलं, "तिथं माणूस ठेवू नका." तुम्ही कधी ठेवला नाहीत. सगळीकडे मेणाची माणसं होती, मिलच्या सायडिंगवर एकही नाही. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे.

मुकीच्या पोटात वाफ भरायला माझा कुकर गेला. शिट्टीच्या जागी तुम्ही तांब्याची नळी बसवलीत. माझा पहिला कुकर तो, वरण शिजवायला घेतलेला! सासूबाई तुम्हाला बोल लावत राहिल्या, मी मात्र पातेल्यात डाळ शिजवली. वाफ भरून नळी काढली की मुकी चालायची. कोपऱ्यातून निघून डोंगराला वळसा घालून परत यायची, जराही आवाज न करता. बाकीची तुमची इंजिनं विजेवर चालायची, ती घरघरायची. मुकी चालली की खोलीतली शांतता आणखी वाढायची.

मग तुम्ही तिला सायडिंगवर उभी करायचात. रेगुलेटर, म्हणजे वाफ सोडायची कळ, बंद, बारीकसं ब्रेकचं चाक घट्ट. आणि आपण वाट पाहायचो. ती हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही ब्रेक थोडा सैल केलात, तरी नाही. एक पूर्ण उन्हाळा तुम्ही तिच्यासमोर स्टुलावर बसून काढलात. शेवटी तुम्ही ब्रेक पूर्ण सोडलात आणि फळीला जरासा धक्का दिलात. तेव्हा ती सरकली.

तुमचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून तुम्ही दादांच्या फोटोकडे पाहणं टाळू लागलात. तुमच्या स्वतःच्या हातांनी तुमच्या भावाच्या विरुद्ध साक्ष दिली होती.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या. मिल बंद पडली, खरी मुकी कुठे गेली कोणालाच कळलं नाही. तुमची मुकी मात्र चालत राहिली. आता तुम्ही तिला उभी करून पाहत नव्हतात, नुसती फिरवायचात. शेजारचे लोक पाहायला येत, लेकराबाळांना आणत. आपण दोघं एका घरात, एका चुलीवर जेवत होतो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून चहा पीत होतो. लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं, मग तेही थकले.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार आली. शाळेला सुट्टी होती. तुम्ही सकाळी मुकी फिरवली, सायडिंगवर लावली, तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला म्हणून तसेच निघून गेलात. मी जेवून तिथेच चटई टाकून पडले, टिनाचं छप्पर तापलं तरी खसच्या ओल्या ताटीमुळे खाली जमिनीपाशी थंड असायचं. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. नागपूरच्या त्या वेळेची भीती बाहेरच्या माणसाला कळायची नाही. लख्ख उजेड असतो आणि सगळं गाव मेल्यासारखं असतं.

माझा डोळा लागला नव्हता. मी त्या वाकलेल्या मेणाच्या माणसांकडे पाहत पडले होते. आणि कोपऱ्यात काहीतरी बदललं असं वाटलं. काय ते कळेना. मी नीट पाहिलं. मुकी गाठींच्या पहिल्या थप्पीपाशी उभी होती ना? आता ती दुसरीपाशी होती. आणि मी पाहत असताना तिच्या चाकाचा आरा हळूच वर आला. मग पुढचा. ती येत होती. कोणी तिच्याजवळ नव्हतं. मी उठून बसले. ती बिनमाणसाच्या सायडिंगवरून सावकाश गेली, शेवटच्या डब्याला टेकली आणि थांबली. टेकल्याचा आवाजही झाला नाही.

मी जवळ जाऊन ब्रेकच्या चाकाला बोट लावलं. घट्ट होतं.

तुम्ही आलात तेव्हा मी ओट्यावर उन्हात बसले होते. मला आत बसवत नव्हतं. मी सांगितलं तसे तुम्ही चप्पल न काढता आत धावलात. पुन्हा कुकर लावलात, पुन्हा वाफ भरलीत, ब्रेक घट्ट केलात. आपण दोघं श्वास रोखून बसलो. कितीतरी वेळ काही नाही. आणि मग ती निघाली.

तुम्ही रडलात. पहिल्यांदा. "झिजला, वैनी," तुम्ही म्हणत होतात. "रेगुलेटरचा व्हॉल्व्ह झिजला. नवा होता तवा हालत नव्हती. वापरून वापरून झिजला. थेंब थेंब वाफ आत जाते, साचते, साचते, मंग ब्रेकले ऐकत नाई. दादाची मुकी तं किती जुनी होती!" तुम्ही माझे दोन्ही हात धरले होते. तुमच्या लक्षात आल्यावर सोडलेत.

जे तुमच्या हुशारीने इतकी वर्षं सापडलं नाही, ते झिजेने दाखवलं. पण झिजेची साक्ष जगात कोण मानतो? तुम्हाला माणसाची साक्ष हवी होती. आणि माणूस आपल्या पायांनी आला. म्हणजे आधी त्याचा जबडा आला.

डॉक्टरांनी पाठवलेल्या एका साच्यावरचं नाव वाचून तुम्ही तो माझ्यासमोर ठेवलात. मिलचे तेच साहेब. म्हातारे झाले होते, सगळे दात गेले होते. तुम्ही त्यांची कवळी बनवलीत, इतकी सुंदर कवळी तुम्ही कधी केली नव्हती. आणि बसवून पाहायला त्यांना डॉक्टरांकडे न बोलावता घरी बोलावलंत. तुम्हाला त्यांनी ओळखलं नाही. मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

"साहेब, जरा घासावं लागन. तवर बसा," म्हणून तुम्ही त्यांना मागच्या खोलीत बसवलंत. त्यांनी रूळ पाहिले, डोंगर पाहिले, लहान मुलासारखे हसले. मग कोपऱ्याकडे नजर गेली आणि हसणं थांबलं.

"ही तर आमची..."

"हो. वाफ भरली हाय. तुम्हीच ब्रेक लावा, साहेब."

त्यांनी बोटांनी ते चाक फिरवलं. "लागला?" तुम्ही विचारलंत. "लागला," ते म्हणाले. मग तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून कानस घेतली आणि कवळी घासू लागलात. मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. कानशीचा आवाज तेवढा चालू होता. मग तुम्ही तोही थांबवलात. तुम्ही वळून पाहिलं नव्हतं, तरी तुम्हाला कसं कळलं?

मुकी निघाली होती.

साहेब खुर्चीत मागे मागे सरकत गेले, जणू ती त्यांच्याकडेच येत होती. त्यांचा हात तोंडावर गेला. दात नसलेल्या तोंडातून नुसती हवा आली. मग शब्द आले.

"ब्रेक लागलेला होता. त्या दिवशी. मी चढून पाहिला होता, चाक घट्ट होतं. रेगुलेटर गळतो म्हणून ड्रायव्हरने मला सांगितलं होतं. दुरुस्तीला पाठवलं असतं तर काम थांबलं असतं."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "ह्यायले सांगा. ह्या त्याच्या बायको हाय."

ते पुन्हा सगळं बोलले. माझ्याकडे पाहून. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण ते उघडं, पोकळ तोंड पाहून मला फक्त भीती वाटली. तुम्ही त्यांच्यासमोर वाकलात, म्हणालात, "तोंड उघडा, साहेब," आणि अगदी हलक्या हाताने दात बसवलेत. "चावताना दुखलं तं या." ते पुन्हा आले नाहीत.

त्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर तुम्ही उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणालात, "माझ्या दादानं ब्रेक लावला होता." आणि खाली बसलात. म्हाताऱ्या बायांनी येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवला. घरी परतताना मी हलकी झाले होते. भाऊजी, हे माझ्यासाठी दुसऱ्या कोणीच केलं नसतं. एका माणसाचं नाव धुऊन काढायला तुम्ही आपलं अख्खं तारुण्य त्या खोलीत घातलंत.

आणि मग मी वाट पाहू लागले. दादा कसा गेला ते कळलं होतं. आता तुम्ही सासूबाईंनी काढलेल्या त्या विषयावर बोलाल. चहाच्या वेळी तुम्ही घसा खाकरलात की मी तुमच्या तोंडाकडे पाहायचे. एक दिवस तुम्ही बोललातही.

"वैनी, मुकी हालते तवा, ते आपल्यानं हालते असं नाई वाटत मले. दादा बसून हाय तिच्यावर."

मी चहाची बशी खाली ठेवली. जे म्हणायचं होतं ते पोटातच राहिलं.

तुम्ही तिच्यात पुन्हा कधी वाफ भरली नाहीत. कुकर धुऊन मला परत दिलात. पण मी खोली झाडायला गेले की मुकी कालच्या जागी नसायची. कधी चार बोटं पुढे, कधी गाठींच्या पलीकडे. मी समजून होते, तुम्ही माझ्यामागे जाऊन तिला सरकवता. भावाला भेटायची तुमची ती रीत असेल. मी कधी विचारलं नाही. वर्षानुवर्षं मी ती जागा झाडत राहिले आणि तुमच्यावर माया करत राहिले.

शेवटच्या आजारात तुमची खाट मीच मागच्या खोलीत टाकली, तिथे गार होतं. तुमच्या छातीत घरघर लागली होती. एका दुपारी तुम्ही कोपऱ्याकडे बघत हसलात.

"वैनी, आता तं सांगा. तुम्ही तिले काहून सरकवता? मले वाईट वाटू नये म्हणून?"

माझ्या हातातला पंखा थांबला. "मी? मी नाई सरकवत. तुम्ही सरकवता ना?"

"मी हातसुद्धा लावला नाई. साहेब आले होते त्या दिवसापासून."

आपण दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बाहेर संत्र्यावाल्याची हाक लांब लांब जात होती. तुम्ही हळूच म्हणालात, "भेता का?" मी म्हटलं, "नाई." तुम्ही म्हणालात, "मीबी नाई." आणि तुम्ही डोळे मिटलेत. तुमचं-माझं शेवटचं बोलणं तेच.

तुम्हाला नेलं त्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं. लावताना मुकी कुठे आहे ते नीट पाहून ठेवलं. काल सगळे पाहुणे गेल्यावर, दुपारीच, मी कुलूप काढलं. इतके दिवस झाले, किती पुढे गेली असेल, असं मनात होतं.

ती हलली नव्हती. होती तिथेच होती. चाकांभोवती धूळ बसली होती आणि धुळीत कुठे ओरखडा नव्हता.

हातसुद्धा लावला नाही, हे तुम्ही खोटं बोलला असाल का? तुम्ही माझ्याशी कधी खोटं बोलला नाहीत. मग दादा इतकी वर्षं कोणासाठी थांबले होते, ते मला कळलं. माझ्यासाठी नाही. धाकट्या भावाला सोबत घेऊन गेले.

लोक विचारतात ना, खोलीचं काय करणार? काही करणार नाही. मी स्टुलावर बसले. साऱ्या जन्मात तुम्ही विचारलं नाही म्हणून जे उत्तर मी दिलं नाही, ते मोठ्याने बोलून टाकलं.

"मी हो म्हटलं असतं, भाऊजी."

कुठे काही हललं नाही. त्या खोलीत मी पहिल्यांदाच एकटी होते.